शेवटच्या अर्ध्या तासातलं मत

तृप्तीताईंनी धोंडाबाईंच्या कपाळासमोर तापाची बंदूक दुसऱ्यांदा धरली आणि मान हलवली.

"गोरखभाऊ, आजीला ताप हाय. आत नाय सोडता येणार."

शाळेच्या फाटकात गोरक्ष आपल्या म्हाताऱ्या आईचा दंड धरून उभा होता. जागून जागून डोळे चुरचुरत होते, घसा पार बसला होता, मास्क हनुवटीवर लोंबत होता. "चुलीपुढं बसली व्हती, म्हणून तापलं कपाळ. ताई, तिचं मत वाया घालवू नका."

"वाया नाय जात. तापवाल्यांसाठी शेवटचा अर्धा तास ठेवलाय, तेव्हा आणा." तृप्तीताईंनी टोकन पुढे केलं. गावच्या आशा सेविका त्या, कोरोनापायी वर्षभर हेच करून कंटाळलेल्या. "उज्वलावहिनी, आजीचं सगळं तुम्हीच करता ना? मग तुम्ही पण तेव्हाच या."

उज्वलाने मान डोलावली. ती गोरक्षची बायको आणि या वॉर्डाची उमेदवार. म्हणजे कागदावर. देवळाली कॅम्पच्या पलीकडच्या त्या गावात ही जागा बायकांसाठी राखीव निघाली, तेव्हा गोरक्षने अर्ज भरून आणला आणि सही कुठे करायची तेवढं तिला दाखवलं. बॅनरवर तिचा फोटो पासपोर्टएवढा, आणि हा फेटा बांधून कमरेपर्यंत. गावात कोणी हसलं नाही, कारण सगळीकडे हीच तऱ्हा. फक्त विरोधातली पल्लवी तेवढी आपली आपण स्कूटीवर फिरून मतं मागत होती.

गोरक्ष मागच्या खेपेला स्वतः पडला होता. आता बायकोच्या नावावरही पडला तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. लढत अटीतटीची होती आणि त्याला एकेक मत देवासारखं वाटत होतं.

म्हातारीचं मत तर हक्काचं. तिला दिसायला कमी, म्हणून दर निवडणुकीला तो सोबती म्हणून आत जायचा आणि बटन तोच दाबायचा. म्हातारीने फक्त शाई लावून घ्यायची. आता मात्र सोबत जायचं तर किट चढवा आणि पुढे घरात कोंडून बसा. मग मतमोजणीला कोण जाणार? त्याने तो विचार सोडून दिला.

घरी धोंडाबाई दोन गोधड्यांखाली कुडकुडत होत्या. उज्वला त्यांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती.

"अहो, नका नेऊ त्यांना. अंग नुसतं फणफणलंय. आधी दवाखान्यात दाखवू."

"मत झालं की तिथून सरळ दवाखाना. दवाखाना काय पळून चाललाय का?"

"माझे बाबा गेले, तेव्हा ह्याच आत्याबाईंना लागणीपासून जपायचं म्हणून तुम्ही मला माहेरी सटाण्याला जाऊ दिलं नव्हतं."

"ते वेगळं होतं," गोरक्ष म्हणाला.

उज्वलाने पट्टी पिळली आणि परत कपाळावर ठेवली. विषय तिथेच मिटला म्हणून गोरक्षला बरंच वाटलं. वाद घालायचं त्राण त्याच्यात उरलंच नव्हतं.

तो म्हातारीच्या कानाशी वाकला. "आई, आपलं चिन्ह कपबशी. वरून चाचपायचं आणि दुसरं बटन दाबायचं. पहिलं पल्लवीचं हाय, त्याला हात लावायचा नाय."

"दुसरं. कळलं रे बाबा. घोटभर पाणी दे."

ऊन कलल्यावर त्याने दोघींना पिकअपमध्ये घालून शाळेत आणलं. रांग संपली होती. आतली माणसं पांढऱ्या किटमध्ये पोत्यांसारखी दिसत होती, आणि पोलिंग एजंट लांब खिडकीपाशी जाऊन उभे होते. धोंडाबाईंनाही एक किट चढवलं. त्या भिंतीला धरून आत गेल्या. बराच वेळ काहीच होईना. मग मशीन वाजलं.

पाठोपाठ उज्वला गेली. मशीन पुन्हा वाजलं.

गोरक्षने हुश्श केलं. त्याचं स्वतःचं सकाळीच झालं होतं, आता घरची उरलेली दोन्ही मतंही पडली होती.

दवाखान्यात म्हातारीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. औषधं घेऊन तिला घरी आणलं, मागच्या खोलीत ठेवलं, आणि उज्वला नाकातोंडाला पदर बांधून तिच्याच उशाशी राहिली. गोरक्षने स्वतःची टेस्ट टाळली. मोजणीचा दिवस तोंडावर आला होता.

उज्वला पडली. एका मताने. गोरक्षने हट्टाने पुन्हा मोजायला लावलं, तरी तेच.

घरी येईपर्यंत त्याने सारं गाव डोक्यात उलटंपालटं केलं. भाऊबंद झाले, जेवणावळीला येऊन गेलेले झाले, शपथा घेतलेले झाले. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आणि मग त्याला भिंत धरून आत जाणारी म्हातारी आठवली. तो तडक मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आई, कोणतं बटन दाबलंस?"

"दुसरं. तूच सांगितलं ना."

"खोटं नको बोलू! पहिलं दाबलंस तू. हात थरथरला तुझा. जन्मभर मी हात धरून नेलं, तर एकटीला सोडल्यावर माझी माती केलीस!"

"चुकलं असंल रे लेकरा. नीट दिसत नव्हतं..." आणि धोंडाबाई लहान पोरासारख्या रडू लागल्या.

उज्वला त्यांना पेज भरवत होती. तिने वाटी खाली ठेवली, म्हातारीचं तोंड पदराने पुसलं आणि ती उठून दारापाशी आली.

"त्यांना रडवू नका," ती म्हणाली. "पहिलं बटन मी दाबलं."