संत्रं

मेक्सिकोतल्या नोगालेसला, अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या भिंतीला लागून असलेल्या शाळेत, एदुविहेस बाईंच्या चार विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या प्रोजेक्टसाठी कॅटापुल्ट, म्हणजे लांब फेक करणारी मोठी गलोल, बांधलं. जुन्या पलंगाची लाकडं आणि ट्रकच्या ट्यूबचं रबर. स्पर्धेच्या दिवशी फेर्मिनने दोर सोडला, आणि त्यात ठेवलेलं संत्रं मैदान ओलांडून, भिंतीवरून थेट अमेरिकेत जाऊन पडलं.

"बाई, व्हिसा न काढताच गेलं की," यारेली म्हणाली. सगळं मैदान हसलं. रस्त्यावर गाडीला टेकून उभ्या असलेल्या एका टोपीवाल्यानेही टाळ्या वाजवल्या.

सोमवारी चौघांचे बाक रिकामे होते. बाई फेर्मिनच्या घरी गेल्या, तर त्याच्या आईने दार अर्धंच उघडलं.

"त्या टोपीवाल्याने नेलं चौघांना. भिंतीपलीकडे माल फेकायला. आम्ही कोण नाही म्हणणारे?" दार लावता लावता ती म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत ना, बाई?"

वर्ष संपत आलं तेव्हा टोपीवाला वर्गाच्या दाराशी आला. टोपी काढून, आत येऊ का म्हणून त्याने अदबीने विचारलं.

"हुशार होती हो तुमची पोरं," तो हळहळला. मग वर्गावरून सावकाश नजर फिरवत म्हणाला, "पुढची टीम कधी तयार होईल, बाई?"