विसरलेला पासवर्ड

तीन वर्षांपूर्वी नेमसिंगनं, माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं, आपल्या कविता ईमेलनं पाठवल्या होत्या. सोबत पत्र होतं : "गुरुजी, तुम्ही बऱ्या म्हटल्या तरच छापीन." मी उत्तर दिलं नाही. दिग्रसच्या बसस्टँडवर तो भेटला की म्हणायचो, "अरे, पासवर्डच विसरलो."

शेवटी परवा तो स्वतःच घरी आला आणि माझ्या कॉम्प्युटरवर पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप बसवलं.

"हे अ‍ॅप म्हंजे कुलपाचं कपाट, गुरुजी. अन् ब्राउजरमधलं हे एक्स्टेन्शन त्याले पासवर्ड मांगते अन् खुद भरते. तुमाले याद ठेवाचं कामच नाही. थांबा, आधी नवा पासवर्ड बनवू."

पण मेलची चौकट समोर येताच माझ्या बोटांनी सवयीनं बारा अक्षरं दाबली होती. मेल उघडला. त्याचं पत्र वाचलेल्या पत्रांत होतं.

"तुमाले तं पाठ हाय, गुरुजी," एवढंच म्हणून तो उठला. चहालाही थांबला नाही.

संध्याकाळी उत्तर पाठवलं : "नेमसिंग, तुझ्या कविता मी त्याच दिवशी वाचल्या. चाळीस वर्षं मी लिहिलेल्या सगळ्या कवितांपेक्षा त्या चांगल्या आहेत. छाप."