उष्टी हळद

नवरदेवाकडून उष्टी हळद घेऊन निघालेली गाडी मानकोली नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हा मेघालीची आई म्हणाली, "मितेश, तू घरचाच हायस. बाईकवर जा, घेऊन ये." परत येताना पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेला हळदीचा डबा सावरता सावरता त्याची बोटं पिवळी झाली. कॉलेजात तो आणि मेघाली एकाच मोबाईलवर प्रेमाचे विनोदी सिनेमे बघायचे. त्यातला टवाळ हिरो शेवटच्या क्षणी धावत यायचा आणि नवरी पाटावरून उठायची. मेघालीने लग्नाचा विषय काढला की मितेश हसायचा, "पुढच्या वर्षी बघू ना." अशी सात वर्षं गेली. आता तो धापा टाकत मांडवात शिरला. मेघाली खरंच पाटावरून उठली. डबा घेत हळूच म्हणाली, "आज बरा वेळेवर आलास." आईचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. "आरं, तुला कशी लागली हळद? जा, हात धुवून ये."