मुकादमाची मॅरेथॉन

उड्डाणपुलाच्या चढावर धावता धावता क्रेनवाला दुभाजकावर बसला, तेव्हा मुकादमाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ऊठ! बसायचा पगार मिळतो का?"

क्रेनवाला त्याचा सख्खा मेव्हणा. एरवी उलट बोलला असता. आता नुसतं म्हणाला, "दाजी, तुम्ही व्हा पुढे. माझं आटोपलं."

मुकादमाला पुढे जायचंच होतं. गेल्या वर्षी त्याच्या टोळीतल्या फिटरनं आत्महत्या केली. त्या दुपारी तो सगळ्यांबरोबर डबा खायला बसला होता. कुणाला काही कळलं नाही. बांधकामावरच्या माणसांना मन मोकळं करायला कुणीतरी मिळावं, त्यासाठी निधी जमवायला ही मॅरेथॉन होती. ती पुरी करायचीच, असं ठरवून मुकादम सुटलेलं पोट घेऊन रोज पहाटे धावला होता. टी-शर्टच्या पाठीवर छापलं होतं, 'बोला, आम्ही ऐकतो.'

त्यानं मेव्हण्याचा दंड धरला, आणि सोडला. मेव्हण्याची नजर पलीकडच्या कठड्यावर होती.

परांचीवर एखाद्याला गरगरलं, तर त्याला ओढायचं नसतं. ओढलं की दोघंही जातात. शेजारी बसायचं आणि त्याला बोलतं ठेवायचं. हे मुकादमच नव्या पोरांना शिकवत असे. तो दुभाजकावर बसला.

पण बोलायचं काय? कामावर तो जन्मभर फक्त ओरडत आला होता.

"मला झोप लागत नाही," शेवटी तो म्हणाला. "फिटर गेल्यापासून. तुझ्या ताईला वाटतं, मी धावायला म्हणून लवकर उठतो."

मेव्हण्यानं मान वळवली. "तुम्ही? अहो, घोरता की चांगले!"

"सोंग असतं ते."

मेव्हणा फस्सकन हसला, आणि हसता हसताच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

"वर केबिनमध्ये दिवसभर एकटाच असतो, दाजी. हल्ली सुट्टी झाली तरी शिडीकडे जावंसं वाटत नाही. वाटतं, सरळच खाली..."

मुकादम आणखी जवळ सरकला. "कधीपासून?" एवढंच त्यानं विचारलं.

मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी येऊन थांबली. "चला काका, वेळ संपली. बसा आत."

"आम्ही चालत येतो."

"मेडल नाही मिळायचं."

"राहू दे."

दोघे उठून चालू लागले. मेव्हणा अडखळत, पण बोलत होता. मुकादमाच्या गुडघ्यातून कळा येत होत्या. उद्या डॉक्टरकडे दोघांनीही जायचं, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. मात्र मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

मैदानात पोचले तेव्हा माणसं कमान उतरवत होती. कुणीतरी उगाच टाळ्या वाजवल्या. चुन्यानं आखलेली शेवटची रेषा आली आणि मागे पडली. मुकादम थांबला नाही. मेव्हण्याचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.