उसनं रक्त

धाकट्याने बाही वर केली आणि मोठ्या भावाच्या नावावर तपासणीला रक्त दिलं.

मोठा लॅबच्या बाहेर पायरीवर तोंड लपवून उभा होता. बावीस वर्षं बस चालवली, कुणाला ओरखडा येऊ दिला नाही, आणि आज ही वेळ. वर्षापूर्वी त्याला साखर निघाली होती. ते फक्त बायकोला ठाऊक. रोजच्या गोळ्या तो डेपोच्या संडासात कडी लावून, नळाचं पाणी ओंजळीत घेऊन गिळायचा. कुणाला कळलं तर स्टिअरिंग सुटेल आणि आपल्याला चौकशीच्या खिडकीत बसवतील, या धास्तीने त्याला घास गोड लागत नव्हता.

म्हणून वार्षिक तपासणीआधी त्याने धाकट्याला गळ घातली. धाकटा वायरमन, दिवसभर शिडीवर. असला खोटेपणा आपल्याला जमायचा नाही, असं तो म्हणाला. तेव्हा मोठ्याने, कधी नव्हे ते, आईवडिलांमागे तुला कुणी वाढवलं, हे काढलं. बोलून गेल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. धाकट्याने मान खाली घातली, तांब्याभर पाणी घटाघट संपवलं आणि नुसतं "बरं, दादा" म्हणाला. हल्ली तो वाळलाही होता. तुझ्यापेक्षा तुझी शिडी अंगाने भरलेली दिसते, म्हणून वहिनी त्याला चिडवायची.

रक्त दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच डेपोच्या डॉक्टरबाईंचा निरोप आला. मोठा घाईघाईने गेला. बाईंनी त्याला आधी खुर्चीत बसवलं, नाडी पाहिली.

"साखर आहे हे लपवलंत कशाला?" त्या म्हणाल्या. "गोळ्या घेऊन ती आटोक्यात ठेवणारे सहा ड्रायव्हर आहेत आपल्याकडे. रोज गाडी नेतात."

त्याची मान वर होईना. बायकोच बोलली असणार, असं त्याला वाटलं. आता खोटं कशाला, म्हणून त्याने वर्षभराचं सगळं सांगून टाकलं: गोळ्या, संडास, कडी. एक दिवस चुकवला नाही, हेही सांगितलं.

"एकही नाही?"

बाईंनी हातातला अहवाल पुन्हा पाहिला. मग त्याचं बोट टोचलं आणि थेंब यंत्राच्या पट्टीवर घेतला. एकशे अठरा.

त्यांनी अहवाल त्याच्यापुढे सरकवला. त्यावर त्याचं नाव होतं, आणि नावासमोर पाचशे बारा.

"हे ज्याचं रक्त आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तो माणूस आत्ता कुठे आहे?"