अठ्ठेचाळिसावी रेघ

दुसरीच्या सत्तावीस मुलांनी पडलेल्या झाडात आपापला वाढदिवस टोचला, तरी जेमतेम दोन बोटं जागा भरली.

रविवारच्या वादळात शाळेच्या अंगणातलं झाड आडवं झालं होतं. फाटकात आलेला भाग त्याच दिवशी कापून नेला. उरलेलं खोड अंगणात पडून होतं आणि त्याचा कापलेला गोल चेहरा मुलांच्या छातीएवढा उंच होता. दर ऋतूच्या शेवटी बाई त्या ऋतूतले सगळे वाढदिवस एकदम साजरे करायच्या. या वेळी त्या म्हणाल्या, "सगळ्यांचेच करू. झाडासकट."

"ही गडद रेघ म्हणजे एक थंडी," त्यांनी दाखवलं. "थंडीत झाड थांबतं. मधला फिकट पट्टा म्हणजे ते वाढलं ते दिवस. बाहेरची साल म्हणजे आज. तिथून मोजत आत जायचं."

मुलांच्या टाचण्यांना लाल कागदी झेंडे होते. आईबाबांचे निळे झेंडे चार बोटं पुढे लागले, आजी-आजोबांचे पिवळे त्याच्याही आत. आणि मग झेंडेच संपले. पुढे गाभ्यापर्यंत नुसत्या रेघा.

"बाई, इथे कोण आहे?" एकाने त्या रिकाम्या भागावर तळहात ठेवला.

"आपल्यापैकी कुणी नाही."

"मग आपण तेव्हा कुठे होतो?"

तेवढ्यात फाटकातून ट्रक आत आला.

ट्रकमधून एक दणकट माणूस उतरला, हातात करवतीचं मशीन. "बाई, पोरं बाजूला घ्या. अकराच्या आत गाडी भरायचीय मला, पुढे अजून दोन झाडं आहेत."

"दहा मिनिटं द्या."

"दहा मिनिटांनी लाकूड काय मऊ होणार आहे?" असं म्हणत तो पुढे आला आणि झेंडे बघून थांबला. "हे काय मांडलंय?"

"वाढदिवस," सात-आठ जण एकदम ओरडले. जाड चष्म्याची एक मुलगी होती, तिला वर्गात सगळे दुर्बीण म्हणायचे. ती म्हणाली, "काका, तुमचा कितवा?"

"माझं काय मध्येच? अठ्ठेचाळीस झाली. झालं समाधान?"

दुर्बिणीने पेन्सिलीचं टोक सालीला टेकवलं आणि मोजायला लागली. बाकीचे तिच्याबरोबर मोठ्याने मोजू लागले. तिशीपर्यंत तो माणूस घड्याळ बघत होता. चाळिशीत त्याने मशीन खाली ठेवलं. सालीपासून वीतभर आत गेल्यावर पेन्सिल अडली.

"बाई, इथे पट्टाच नाहीये. दोन रेघा चिकटल्यात."

बाईंनी भिंग धरलं. पट्टा होता, पण केसाएवढा. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्ही चांगले रुंद.

"काका, तुम्ही जन्मलात तेव्हा झाड वाढलंच नाही," दुर्बीण म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. तो हसला नाही.

"परत मोज," तो म्हणाला.

तिने परत मोजलं. या वेळी तोही ओठांतल्या ओठांत मोजत होता. पेन्सिल तिथेच येऊन थांबली.

तो गुडघ्यांवर बसला. आता त्याचं तोंड मुलांच्या तोंडांसमोर आलं. "आई सांगायची," तो म्हणाला. "मी झालो त्या वर्षी पाऊसच नव्हता म्हणे. तिचं दूध आटलं. शेजारच्या बाईला मुलगी झाली होती, तिने आपल्या पोरीबरोबर मलाही पाजलं, म्हणून मी जगलो. आम्ही भावंडं टर उडवायचो तिची. आई, दरवेळी दुष्काळ मोठा होतोय तुझा, म्हणायचो." त्याने त्या रेघेवर अंगठा ठेवला आणि लगेच उचलला. "आता घरी बसून असते, सांगत नाही ती. कधीची गप्पच झाली."

"खरंच होतं की तिचं," दुर्बीण म्हणाली. "झाडाने लिहून ठेवलंय."

तो झाडाच्या त्या गोल चेहऱ्याकडे असा बघत राहिला, जणू आयुष्यभर लाकूड कापून आज पहिल्यांदा लाकूड बघतोय. बाईंनी पाहिलं, अकरा वाजून गेले होते.

मग तो उठला. मुलांना पार भिंतीपर्यंत मागे सारलं, झेंड्यांना धक्का न लावता चार बोटं जाड चकती कापली आणि वर्गापर्यंत स्वतः वाहून नेली. परत येऊन आणखी एक चकती कापली. ती जमिनीवर आडवी ठेवून त्याने सालीपासून गाभ्यापर्यंत एक तिकोनी फोड काढली, केकची काढतात तशी.

"ही कुणाला?" मुलांनी विचारलं.

"घरी."

बाकीचं लाकूड त्याने ट्रकच्या मागे भराभर ढकललं, ओंडक्यावर ओंडका. ती फोड मात्र पुढे नेली. शेजारच्या सीटवर उभी ठेवली, शर्टाच्या बाहीने तिच्यावरचा भुसा पुसला आणि सीटबेल्ट ओढून तिला नीट बांधली.