टाचलेलं शेवटचं पान

“ऑगस्टमध्ये? हापूसला ऑगस्टमध्ये आंबे?” मनस्विनीने रहस्यकथा गॅलरीतल्या स्टुलावर आपटली. “खुनी राहू दे, आधी या लेखकाला अटक करा!”

समोर बसलेला सलिल दचकला आणि मग खो खो हसला. “अण्णा पण हेच म्हणाले. त्यांनी तर पुस्तकावर आंब्याच्या मोहोराचं वेळापत्रक लिहून ठेवलंय. बघा, पहिल्याच पानावर.”

सलिल आणि त्याचे वडील अण्णा हेदवीहून आले होते. पेढ्यांऐवजी त्यांनी पिशवीभर कादंबऱ्या आणल्या होत्या. हे स्थळ यमुनामावशीने आणलेलं. तिने आल्या आल्या फर्मान सोडलं, “मुलांना आधी बोलून घेऊ दे. त्यांचं जमलं तर पुढचं,” आणि दोघांना गॅलरीत पिटाळलं. आत हॉलमध्ये मावशी, अण्णा आणि मनस्विनीची आई, कुसुम.

आज होकार-नकार मनस्विनीच्या हातात होता. कुसुमने सकाळीच सांगून टाकलं होतं, “तू हो म्हणालीस तरच गो. नाहीतर विषय बंद.” एवढं बोलून तिने तिसऱ्यांदा साडी बदलली होती. मनस्विनी मात्र घरातल्याच कुर्त्यात होती आणि नवल म्हणजे आज तिला कुणी त्यावरून टोकलं नव्हतं.

आधीची दोन स्थळं तिने याच गॅलरीत कटवली होती. एकाकडच्यांनी विचारलं, “कादंबऱ्या वाचून मिळतं काय?” त्यांना तिने पोहेसुद्धा पुरे खाऊ दिले नाहीत. दुसरे म्हणाले, “आम्ही फक्त चरित्रं वाचतो, थोरामोठ्यांची.” ती म्हणाली, “मग थोरामोठ्यांकडेच जा.”

“ही घ्या, ऐतिहासिक,” सलिलने पुढचं पुस्तक काढलं.

“वाचलीय. सातशे पानं! घोड्याला खरारा करणारासुद्धा भाषण ठोकतो. घोडा तेवढा शहाणा, गप्प राहतो.”

“आणि ही प्रेमकथा?”

“तो पहिल्या पानापासून तिच्या डोळ्यांत बघतोय. नायक आहे की चष्म्याचा दुकानदार?”

“भुताची?”

मनस्विनी खुर्चीत पुढे सरसावली. या विषयावर तिला कुणी विचारायचाच अवकाश असे. “हे लेखक दोन दिवस कोकणात येतात, सोलकढी पितात आणि परत जाऊन चारशे पानांचं भूत लिहितात. इथे माणसं राहतात हो! विजेची बिलं भरतात, गटार तुंबलं म्हणून नगरपालिकेशी भांडतात. भुताला इथे भाड्याने खोली मिळायची नाही!”

मांडवीच्या समुद्रावरून आलेल्या वाऱ्याने पुस्तकाची पानं फडफडली. कुसुम पोह्यांचा ट्रे घेऊन आली. ट्रे न्यायला मनस्विनीने सकाळीच साफ नकार दिला होता. कुसुमने तो इतक्या घाईने टेकवला की वरचं ओलं खोबरं सलिलच्या मांडीवर सांडलं. तो एकेक कण उचलून खात राहिला. हे मनस्विनीने बघून ठेवलं.

कुसुम आत गेल्यावर तिने थेट विचारलं, “तुम्ही मुंबईत. म्हणजे लग्नानंतर हेदवीत अण्णांबरोबर राहायचं?”

“हो. बाग सोडून ते कुठे यायचे नाहीत.”

“आणि पुस्तकं? आमच्याकडे पुस्तकांशिवाय माणसाचा जीव गुदमरतो.”

“माळ्यावर फणसापेक्षा पुस्तकंच जास्त आहेत. दर महिन्याला मुंबईहून गठ्ठा मी पाठवतो. सकाळचा पहिला चहा अण्णा करतात, सगळ्यांसाठी. फक्त पुस्तक वाचत करतात, म्हणून कधीकधी साखर दोनदा पडते.”

मनस्विनीला हसू आलं. तिने पिशवीतलं शेवटचं पुस्तक उचललं. खानावळवाल्या बाईची गोष्ट. “ही मात्र खरी आहे. बंद खानावळीचं कुलूप ती पुन्हा उघडते ना, तिथे मी रडले.”

“अण्णा तर सुरुवातीपासूनच रडत होते.”

“सुरुवातीपासून? का?”

सलिलने मान खाजवली. “ते शेवटचं पान आधी वाचतात.”

मनस्विनीचा चेहराच उतरला. शेवटचं पान आधी वाचणं म्हणजे तिच्या लेखी दरोडा. घरातल्या एका दरोडेखोरापायीच ती बिचारी कंटाळली होती. कुसुमला हीच खोड. नवीन पुस्तक आलं की मनस्विनी शेवटची पानं स्टेपलरने टाचून मगच तिच्या हातात द्यायची.

“असा माणूस वाचकच नव्हे!” ती म्हणाली.

“आई होती तोवर नव्हते वाचत,” सलिल हळूच म्हणाला. “ती गेल्यापासून हे सुरू झालं. पुस्तक हातात घेतलं की आधी बघतात, शेवटी कुणी मरत तर नाही ना. कुणी मरत नसेल तरच पहिलं पान उघडतात.”

मनस्विनीची नजर आत गेली. दारातून हॉलच्या भिंतीवरचा बाबांचा फोटो दिसत होता. कुसुमची खोडही फोटोला हार चढला त्याच वर्षीची. इतकी वर्षं स्टेपलर चालवताना हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

ती उठली आणि दारात जाऊन उभी राहिली.

आत मावशी पोहे संपवत होती. टीपॉयवर मनस्विनीने कालच टाचलेली कादंबरी होती. अण्णा खाली वाकून नखाने पिन उचकटत होते. निघत नव्हती. कुसुमने अंबाड्यातला आकडा काढून त्यांच्या हातात दिला. दोघंही चोरी करताना सापडल्यासारखी हसली.

“मग?” मावशीने बशी खाली ठेवली. “मुलांचा होकार समजायचा ना?”

सलिलने मान डोलावली. सगळे मनस्विनीकडे बघू लागले.

“समजा,” ती म्हणाली. “पण अण्णा, एक सांगून ठेवते, आमच्या आईच्या चहात साखर एकदाच टाकायची.”